सहासष्टच्या आतले पाय

११ सप्टेंबर, सोमवार

फोन मी केला नाही. आमच्या हिनं, ग्लेंडानं, लावला आणि ऐन वेळी माझ्या हातात कोंबला. पलीकडची सरकारी भत्त्याच्या कचेरीतली बाई नाव, जन्मतारीख, आजार विचारायला लागली. आता बाईमाणसासमोर फोन आपटायचा का? सांगितलं सगळं. झाला अर्ज सुरू!

उभ्या जन्मात मी सरकारपुढे हात पसरला नाही. सोळाव्या वर्षी गिरणीत लागलो, कापूस पिंजायच्या खात्यात. गिरणी बसली तेव्हा बस चालवली. छाती पार कामातून गेली तेव्हा घरी बसलो आणि त्याबद्दल कुणाकडे अवाक्षर काढलं नाही. कसा आहेस नेव्हिल? — मजेत! आमच्या बर्नलीत या प्रश्नाला दुसरं उत्तर कुणी देत नाही.

मग आत्ताच ही घाई कसली? ग्लेंडा म्हणते, "मार्चात तुला सहासष्ट पुरी होतील. त्याच्या आत अर्ज गेला तर चालता न येण्याचा भत्ता मिळतो, त्यावर मोटार मिळते, आणि पेन्शनीत गेल्यावरही तो चालू राहतो. पण एकदा सहासष्ट उलटली, की नवीन अर्जात फक्त सांभाळणाऱ्याच्या मदतीपुरतं मिळतं. पायांचं नावही काढायचं नाही." म्हणजे म्हाताऱ्या माणसाचे पाय जायचेच, त्यात नवल ते काय, असं सरकारचं म्हणणं!

पण हे सगळं हिला इतकं तोंडपाठ कसं? कुणी पढवलं? स्वतः माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पेन्शनीत जाऊन बसलेली. तिला काय पडलंय या कलमांचं? पाणी कुठेतरी मुरतंय.

१४ सप्टेंबर, गुरुवार

ग्लेंडा आजही बाहेर. उन्हाळ्यापासून दर गुरुवारी हेच. "चॅपेलच्या बायकांकडे जाते." चारला आली. काय केलंत म्हटलं. "गप्पा." खायला काय होतं? "काही नाही."

चॅपेलच्या बायका जमल्या आणि केक नाही? हे मी मानायचं?

२ ऑक्टोबर

अर्ज भरला. म्हणजे तिनं भरला, मी समोर बसून तंडलो. किती चालता येतं, असा प्रश्न. म्हटलं, लिही — क्लबापर्यंत.

"क्लबात शेवटचा कधी गेलास?"

"मनात आणलं तर आत्ता जाईन."

तिनं मान वर न करता लिहिलं: कोपऱ्यावरच्या पत्रपेटीपर्यंत जाताना दोनदा थांबतो. भिंतीला टेकतो. ओठ निळे पडतात. कुणी आलं तर बुटाची नाडी बांधल्याचं नाटक करतो.

नाडीचं हिला कुणी सांगितलं! म्हणजे खिडकीतून पाळत ठेवते माझ्यावर. परक्याचं सोडा, घरातच हेर बसलाय.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

आज पाहिलं. स्वतःच्या डोळ्यांनी.

वरच्या खोलीच्या खिडकीत उभा होतो. उताराच्या खाली, कोपऱ्यावर, करडी मोटार थांबली. आमच्या दारात नाही — कोपऱ्यावर! आतून डेस्मंड टॅटरसॉल उतरला. लॉन बोलिंगच्या मैदानाचा चिटणीस, बायको जाऊन चार वर्षं झाली, दात अजून स्वतःचे. त्यानं अदबीनं दार उघडलं. ग्लेंडा उतरली आणि तिनं त्याचा दंड धरला. धरला म्हणजे चांगला गच्च, दोन्ही हातांनी. बराच वेळ तशीच दोघं उभी. मग तो गेला. ही एकटी चढ चढून आली, अगदी हळू, एकेका घराच्या कठड्यापाशी थांबत. घरी यायला जिवावर येत असेल!

आल्यावर म्हणाली, "आज बायका फारच बोलत होत्या."

२० ऑक्टोबर

विचारलं नाही. बघू किती दिवस लपवते.

१२ नोव्हेंबर

ग्लेंडानं आपलं अंथरूण खाली आणलं. आता पुढच्या खोलीत कोचावर झोपते. का, तर "तुझा खोकला." हा खोकला वीस वर्षांचा आहे! वीस वर्षं तिला त्यात झोप लागत होती.

शिवाय फर्निचर हलवते. स्वयंपाकघरात खुर्च्या भिंतीलगत ओळीनं लावून ठेवल्यात, एकमेकींना चिकटून. म्हटलं, सभा भरवायचीय का? "जागा मोकळी दिसते." कुठे मोकळी दिसते? मला तर घर आवरून घेतल्यासारखं दिसतं. जाणारं माणूस असंच आवरतं.

इथे कुणी बघत नाही म्हणून लिहितो — मला भीती वाटते आहे. ती गेली तर मी काय करू?

४ डिसेंबर

रॉनी येऊन गेला, क्लबातला. म्हणे डोळ्यांत तेल घालून राहा. "सरकारची माणसं फिरत असतात, राजा. फोटो काढतात. एकजण शिडीवर चढून पन्हळ साफ करताना सापडला — गेला त्याचा भत्ता!"

समोर दुपारपासून पांढरी गाडी उभी होती. पडदे ओढून घेतले. संध्याकाळी त्यातून शेजारच्यांचं नवं धुण्याचं यंत्र निघालं. तरी काय सांगावं.

२३ जानेवारी, मंगळवार

तपासणीची बाई येऊन गेली. छातीत कळ आहे तरी आजच लिहून ठेवतो.

ग्लेंडा आठवडाभर कानीकपाळी ओरडत होती. दाढी करू नकोस. टाय लावू नकोस. रोज जसा असतोस तसा राहा. विचारलं तर खरं सांग. खरं सांग म्हणे! कोण कुणाला सांगतंय!

आमच्याकडे पुढचं दार दोनदाच उघडतं: घरातून कुणाला शेवटचं न्यायचं असलं की, आणि पाहुणे आले की. बाई पुढच्या दारानं आली. मग पाहुण्यासमोर काय पायजम्यात बसू? दाढी केली होती, टाय लावला होता, बूट चमकवले होते.

तरुण होती, गोड बोलायची. जास्तच गोड. "कसे आहात मिस्टर हॉवर्थ?" मजेत, म्हटलं. तिनं लगेच टिपलं. ग्लेंडानं डोळे मिटले.

पाचेक मिनिटं गेली. दहा गेली. घरात पाहुणी बसलीय आणि ग्लेंडा चहाचं नाव काढेना! कोचावर राणीसारखी बसून. मी खुणावलं. ढिम्म. पुन्हा खुणावलं. तिनं मान हलवली — नको. लाज वाटली मला. आमच्या आईनं घरजप्तीला आलेल्या माणसालाही चहा पाजला होता. शेवटी मीच उठलो. किटली ठेवली, ठेवणीतले कप काढले, ट्रे घेऊन आलो. मागच्या खोलीत टेबलाला धरून जरा उभा राहिलो, ते कुणी पाहिलं नाही.

"चढ चढताना थांबावं लागतं का?" बाईनं विचारलं.

ग्लेंडाच मध्ये बोलली, "दोनदा थांबतो. कधी तीनदा. ओठ निळे होतात त्याचे."

तेव्हा ती करडी मोटार माझ्या डोळ्यांपुढे आली. म्हटलं, हिला मी पांगळा म्हणून जाहीर व्हायला हवाय! सरकारी शिक्क्यानिशी निकामी नवरा, आणि ही मोकळी. मी हसलो. "अहो, आमच्या हिला वाढवून सांगायची सवय आहे. वाऱ्याचा दिवस असला तर थांबतो. एरवी काही नाही."

ग्लेंडानं माझ्याकडे पाहिलं. चिडून नाही. काहीतरी हातातून पडून फुटलं की बघतो तसं.

पाऊस होता. बाईकडे छत्री नव्हती. मी तिला मोटारीपर्यंत सोडून आलो, खाली कोपऱ्यावर. कोपऱ्यावरच का लावली तिनं? मी चालतो का ते बघायलाच! मला कळलं होतं, तरी गेलो. ती दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिलो. मग भिंतीला टेकलो. घरी यायला किती वेळ लागला ते माझं मला माहीत.

२४ जानेवारी

उठलो नाही. छाती.

१२ फेब्रुवारी, सोमवार

खाकी पाकीट. नामंजूर.

ग्लेंडानं मोठ्यानं वाचलं. अर्जदार नीटनेटक्या पोशाखात होते. अर्जदारांनी चहाचा ट्रे आणला. अर्जदार पाहुण्यास सोडण्यास बाहेर गेले. धाप दिसली नाही. — बघा! माझा चहा प्यायली आणि लिहिलं काय! दोन बिस्किटंही घेतली होती तिनं.

"एका महिन्याच्या आत पुन्हा विचार करा म्हणून सांगता येतं," ग्लेंडा म्हणाली. "मुळातला अर्ज सहासष्टच्या आतला आहे, तोच धरतात. नेव, फोन कर. तुलाच करावा लागेल, तुझ्याच तोंडून हवं त्यांना."

म्हटलं, नाही म्हणाले ना? मग नाही. मी भीक मागणार नाही.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आज बोललोच. ती कोट चढवत होती.

"मोटार कुणासाठी हवीय तुला?"

"आपल्याला."

"डेस्मंडकडे आहे की मोटार. करडी. कोपऱ्यावर थांबते ती."

ग्लेंडा माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. इतकी हसली की जिन्याच्या कठड्याला धरून खालच्या पायरीवर बसली. हसता हसता तिच्यावर डोळे पुसायची वेळ आली. मी म्हटलं, हस! एवढ्या वर्षांचा संसार, हस!

"चहा कर," ती म्हणाली. "मग सांगते."

केला नाही. वर गेलो आणि दार लावून घेतलं. ती काही जिना चढून आली नाही. दारात येऊन समजूत घालायचीही तसदी नाही!

१ मार्च

एका घरात दोन बिऱ्हाडं. ती खाली, मी वर. रोज एकदाच बोलते: "फोन केलास?" मी वर निघून जातो.

८ मार्च, शुक्रवार

काल ग्लेंडा स्वयंपाकघरात पडली. मला उचलता येईना, धाप लागली. डेस्मंडला बोलव, तीच म्हणाली. तो आला. इस्पितळात डॉक्टरनं मला विचारलं, यांचे पाय कधीपासून गेलेत? डेस्मंड म्हणाला, "दोन वर्षं होतील." दर गुरुवारी तोच तिला तिथे नेत होता. इस्पितळाच्या बऱ्याच पेशंटांना नेतो म्हणे, फुकट.

मला का सांगितलं नाहीस, म्हटलं.

"माझे सहासष्टनंतर गेले रे. मी विचारून आले होते, माझ्या पायांना काही मिळत नाही. म्हटलं तुझ्या पायांवर मोटार आली तर तू चालवशील, दोघंही बसू. आधी सांगितलं असतं तर तू त्या बाईला पहिलं तेच सांगितलं असतंस — मला काही नाही, हिचे पाय गेलेत."

असतं. नक्की सांगितलं असतं.

रात्री घरी सोडलं तिला. आज सकाळपासून त्या भत्त्याच्या कचेरीला फोन लावून, कानाला धरून बसलोय. तेच ते संगीत वाजतंय.

लागला. ग्लेंडा कोचावरून माझ्याकडे बघतेय, ओठांवर बोट ठेवून: तिच्या पायांचं नावही काढायचं नाही.