रेघेखाली चार बोटं

सोमवार, १३ मे
सकाळचे सात

प्रिय सूनबाई,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक. माझा गुडघा आहे तसाच, जिना दिसला की कुरकुरतो. उन्हाने नुसता जीव काढलाय. पंखा चालू आहे की बंद, हे मान वर केल्याशिवाय कळत नाही. नातीचा दात पडला म्हणे! तिला सांग, आजीचे तिच्याहून जास्त पडलेत.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येच "असू द्या हो आई" म्हणतेस आणि माझं बोलणं तिथंच राहतं. कागद मध्ये बोलत नाही.

तर काल ह्यांची सत्तरी झाली. वजनमापे खात्यातले तिघे जुने सोबती दुपारी आले होते. शनिवारी तुला विचारून घेतलं ना, ते थंडगार कॉकटेल केलं. तू सांगितलंस तस्संच. कलिंगड कुस्करून गाळलं, लिंबं पिळली, पुदिना तळहातावर ठेवून एक चापट मारली (चुरायचा नाही, नाहीतर कडू होतो, हे तुझंच), मग जिन, वरून सोडा आणि भरपूर बर्फ. जिन अर्थात ह्यांनी ओतली. बाटली काढली, लेबलावरच्या पेन्सिलच्या रेघेशी पातळी ताडून बघितली, मापाने ओतली आणि खाली नवीन रेघ मारली. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण खातं काही अंगातून जात नाही.

सजावटीत मात्र मी माती खाल्ली. तू म्हणालीस, ग्लासच्या कडेला कलिंगडाची फोड खोचायची. मी म्हटलं, कंजूषपणा कशाला, आणि चांगली जाडजूड फोड खोचली. फोड राहिली, ग्लास आडवा! टेबलावरचं कापड लालेलाल. मग दुसऱ्या खेपेला पातळ त्रिकोण, संत्र्याची चकती, आणि काकडीची लांब पट्टी ग्लासच्या आतून फिरवून. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! एक पाहुणे म्हणाले, "वहिनी, हे प्यायचं की भिंतीवर लावायचं?" कॉकटेलचा पहिला जग बघता बघता संपला. दुसरा करायला घेतला.

तेवढ्यात ह्यांची जीभ सैल झाली. "माप महत्त्वाचं," म्हणाले. "आमच्या सूनबाईंना ते कधी कळलं नाही. लग्नाला तीन महिने झाले नव्हते, तर..."

झालं सुरू. नऊ वर्षांत तीच गोष्ट कितव्यांदा, देव जाणे. रेघेखाली चार बोटं उतरलेली बाटली, जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर ह्यांचा प्रश्न, "कोणी घेतली?" आणि तुझं "मी, बाबा." त्या दिवसापासून बाटली कुलपात. दोन महिन्यांत तुम्ही दुसऱ्या गावी बिऱ्हाड केलंत, पण तुझ्या घरी ह्यांचं पाऊल पडलं नाही. नातीला बघायचं तर तुम्हीच इकडे यायचं. आणि हे कोण, तर दर शनिवारी स्वतः साठ मिली घेणारा माणूस! ह्यांचं ते माप आणि तुझं ते व्यसन.

आता लिहितेच. तुला माहीत आहे, पण मी ते कधी तोंडाने म्हटलेलं नाही.

आदल्या रविवारी तू ह्यांना विचारून हेच कॉकटेल केलं होतंस, त्या जगातलं थोडं फ्रिजमध्ये उरलं होतं. सोमवारी तुम्ही सगळे बाहेर. मी दवाखान्याच्या रांगेतून भर उन्हात घरी आले आणि सरबत समजून एक ग्लास घटाघटा प्यायले. पहिला चुकून. दुसरा चुकून नव्हता गं. आणि तिसऱ्याच्या वेळी जग रिकामा होता, म्हणून मी कपाट उघडलं. अंदाजाने ओतलं, आणि अंदाज चुकला. मग खुर्चीत पाय वर घेऊन बसले आणि एकटीच हसत राहिले. उभ्या संसारात ती एक दुपार अशी, की संध्याकाळी काय करायचं ते मला आठवलंच नाही.

ह्यांनी विचारलं तेव्हा मी वाढत होते. डाव ताटावर वाजला. तू ते बघितलंस आणि "मी" म्हणालीस. चोवीस वर्षांची पोर, घरात नवीन. आणि मी, तुझी सासू, काय केलं? पुढच्या ताटात भाजी वाढली.

काल गोष्ट "मी, बाबा"पाशी आली तेव्हा मी संत्रं कापत होते. सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "ती नव्हती. मी होते. तीन ग्लास."

एक पाहुणे हसायला गेले आणि त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला. हे म्हणाले, "तीन?" पहिला प्रश्न आकड्याचाच! मग उठून बाल्कनीत गेले. पाहुण्यांनी आपापल्या चपला शोधल्या. पाच वाजता हे आत येऊन म्हणाले, "मग ती बोलली का नाही?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत तेव्हा तिने तुमच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं." आज उठल्यावर म्हणाले, "नऊ वर्षं तू मला खोटं माप दाखवलंस." खरंच आहे. ऐकून घेतलं.

पोरी, तू नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाहीस. कधी भांडणात माझ्या तोंडावर फेकलं नाहीस. इतकं मोठं मन आणलंस कुठून? मला फार भीती वाटत होती, आणि तू मला वाचवलंस. ह्याहून मोठे उपकार माझ्यावर कुणी केलेले नाहीत. मला माफ कर.

आत्ता ह्यांना विचारलं, घरात पोस्टाचं तिकीट आहे का. म्हणाले, "तिकीट कशाला? सव्वानऊची बस आहे. मी नेतो." म्हटलं, तिला काय सांगणार? म्हणाले, "ते मला जमायचं नाही. तू लिहितेयस ना!" इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या डोक्यावर उभे आहेत, पाकिटाला डिंक लावायची घाई करताहेत.

म्हणजे तू हे वाचत असशील तेव्हा ते तुझ्या दारातच उभे असतील. त्यांच्या तोंडून शब्द फुटायची वाट बघू नकोस. आत घ्यायचं की नाही, ते तू ठरव. नाही घेतलंस, तरी मी तुला बोल लावणार नाही.

नऊ वर्षं तुझ्या आड लपलेली,
तुझी ऋणी,
आई