आतला डाग

देवपूर, मंगळवार, दिवेलागण

चर्र. तापलेल्या विळ्याचा तो आवाज इतक्या वर्षांनीही कानातून जात नाही. धाकटी बहीण शांता, तिचं पोट सारखं दुखायचं, म्हणून गावातल्या म्हातारीनं तिला डाग दिला. मी तिचा हात धरून शाळेतली कविता ओरडून म्हणत होतो, तिला ते चर्र ऐकू येऊ नये म्हणून. मला मात्र आलंच.

आज डॉक्टर म्हणाले, "नाना, मांडीच्या शिरेतून बारीक तार हृदयापर्यंत नेऊ. भलते ठोके जिथून उठतात, तेवढीच जागा जाळायची. अॅब्लेशन म्हणतात याला." माणूस भला आहे. पण 'जाळायची' म्हटलं आणि पुन्हा तेच, चर्र. छातीतलं वृत्त बिघडलंय, मान्य. एक ठोका गळतो, मग चार धावत सुटतात. पण या मोडक्या चालीतच उरलेले दिवस काढले तर? उद्या त्यासाठी नाशिकच्या इस्पितळात येत नाही, असं मुलाला सांगून टाकलं. तो मोबाईल घेऊन अंगणात निघून गेला. रागावला असेल का?

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. दारात शांता! गुडघ्यांमुळे ती अंगणाबाहेरही पडत नाही, आणि शिरपूरहून एकटी आली.

"तुना पोऱ्याना फोन उना. तवय तू मना हात धरेल व्हता, नाना. आते मी धरसू. कविता तेवढी तूच म्हन."