कोणी न नेलेले निबंध

मी, रेमेदियोस दुमलाओ, वय शहात्तर, पेशाने प्राध्यापक, सध्या निवृत्त, राहणार पेपरट्री गल्ली, रिओ सेको, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. राग मात्र आहे. राग येणं म्हणजे डोकं फिरणं नव्हे, हे ज्याला या कागदावरून कोर्टात जायचं असेल त्याने आधी समजून घ्यावं. सतरा एप्रिलला माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही; पण ते सांगताना ते माझ्याकडे न बघता संगणकाकडे बघत होते. २०११ साली केलेलं मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात विद्यापीठाबद्दल चार चांगली वाक्यं होती, तीही रद्द.

कलम १. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी भाची क्रिसान्ता हिने करावी. ती नर्स आहे. मेलेल्या माणसाचे नातेवाईक कसे वागतात हे तिला ठाऊक आहे.

कलम २. राहतं घर, मागचं लिंबाचं झाड आणि गॅरेज धरून, क्रिसान्ताला द्यावं. १९५४ साली माझ्या वडिलांनी याच गल्लीत भाड्याने खोली विचारली होती. दलाल खुर्चीवरून उठलाही नाही. ‘रुळांच्या या बाजूला फिलिपिनो राहत नाहीत,’ म्हणाला. वडील ‘बरं साहेब’ म्हणून टोपी हातात घेऊन परत आले. १९८३ साली मी इथे घर घेतलं तेव्हा ते हयात नव्हते. खरं सांगायचं तर घर मला तेव्हाही आवडलं नव्हतं. जिना अरुंद आणि स्वयंपाकघरात उजेड नाही. पण घेतलं. क्रिसान्ताला विकायचं असेल तर खुशाल विकावं, फक्त आधी एक वर्ष इथे राहावं.

कलम ३. माझा धाकटा भाऊ फ्लोरान्ते याला कराओकेचं यंत्र आणि माझ्या एकुलत्या एक पुस्तकाच्या उरलेल्या नऊ प्रती द्याव्या. दहावी त्याच्याकडे आहे. त्याच्या जेवणाच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली. तो मला ‘मानांग’ म्हणतो. थोरल्या बहिणीला मान देऊन आमच्याकडे असंच म्हणतात, पण त्यानंतर तो जे काही बोलतो त्यात मान शोधूनही सापडत नाही. गेल्या नाताळात सगळ्यांसमोर म्हणाला, “मानांग, चाळीस वर्षं तू पोरांना रडायचं कसं ते शिकवलंस. आणि वर पगार घेतलास!”

“तू चाळीस वर्षं जुन्या गाड्या विकल्यास,” मी म्हटलं. “त्या तर न शिकवताच रडायच्या.”

सगळे हसले, तोही हसला. पण त्याने आपल्या दोन्ही नातवांना त्यांच्या महाविद्यालयात माझा विषय घेऊ दिला नाही, हे मी विसरलेले नाही. नऊच्या नऊ प्रती त्याच्या दारात नेऊन ठेवाव्या आणि सही घ्यावी.

कलम ४. वडिलांची अ‍ॅस्परॅगस कापायची सुरी, लांब लाकडी मुठीची, डॉ. माय-नू व्हांग हिला द्यावी. ती आमच्या विभागाची आजची प्रमुख. वडिलांनी बेचाळीस वर्षं त्या सुरीने, कमरेत वाकून, दुसऱ्यांच्या जेवणातली भाजी कापली. पुढे ती एकतीस वर्षं माझ्या ऑफिसच्या कोपऱ्यात उभी होती. विद्यापीठाच्या रखवालदाराने दोनदा हत्यार म्हणून जप्त केली आणि दोन्ही वेळा मी भांडून परत आणली. माय-नूचे आईबाप लाओसच्या डोंगरातून येऊन फ्रेस्नोच्या उन्हात स्ट्रॉबेरी खुडत होते. सुरी कशाची आहे हे तिला समजावून सांगावं लागणार नाही.

कलम ५. विद्यापीठाला काहीही देऊ नये. माझ्या नावाची शिष्यवृत्ती रद्द. शोकसभा घेऊ नये. प्रवेशपुस्तिकेत माझा झाडाखाली हसणारा फोटो आहे, तो काढावा. ज्या दिवशी तो काढला त्या दिवशी मला दाढदुखी होती. दर वर्षी ‘विविधता सप्ताह’ आला की कुलगुरूंच्या ऑफिसातून फोन यायचा: “प्रोफेसर, तुमच्या हातच्या लुंपिया आणाल ना?” बत्तीस वर्षांत एकदाही कोणी म्हटलं नाही की तुमच्या वर्गात काय वाचून घेता त्याची यादी आणा. लुंपिया म्हणजे आमच्याकडचे सारण भरून तळलेले रोल; ते खाऊन त्यांची विविधता पचत होती. माझ्या अंत्यविधीला विद्यापीठाचं कोणी आलंच तर त्याला बसायला खुर्ची द्यावी, लुंपिया देऊ नये.

हा विषय त्यांनी आपण होऊन सुरू केला नव्हता. १९६९ च्या थंडीत आम्ही विद्यार्थ्यांनी संप केला, वर्ग बंद पाडले, पोलिसांच्या दांडक्याने माझं डावं मनगट मोडलं, तेव्हा कुठे अभ्यासक्रमात एक ओळ छापून आली: ‘अमेरिकन समाजातील वंश, वांशिकता आणि बहुसांस्कृतिकता’. नंतर तो वर्ग सगळ्यांना सक्तीचा झाला. डॉक्टर होणाऱ्यालाही, हिशेबनीस होणाऱ्यालाही. आता विद्यापीठाच्या उपाध्यक्षांचा प्रस्ताव आहे की विभाग बंद करावा, आठ शिक्षकांना नारळ द्यावा, आणि हा विषय ज्याला हवा त्याने दोन आठवड्यांत संगणकावर उरकावा. नऊ मे रोजी विश्वस्तांचं मतदान आहे, त्यात उपाध्यक्षांनाही एक मत आहे. उपाध्यक्षांचं नाव कर्टिस ऑलिव्हर. त्यांच्याबद्दल कलम सातमध्ये.

कलम ६. गॅरेजमध्ये सहा खोकी आहेत. त्यात विद्यार्थ्यांचे दोनशे चौदा निबंध आहेत. वर्गाच्या पहिल्याच आठवड्यात मी एक प्रश्न द्यायचे: तुमच्या घरात कोणती गोष्ट पाहुण्यांसमोर बोलत नाहीत? चार पानं लिहा. हा प्रश्न मी एकदाही बदलला नाही, कारण अमेरिकेत वंश म्हणजे काय ते कोणत्याही व्याख्येपेक्षा या उत्तरांतून लवकर कळतं. तपासलेले निबंध मी ऑफिसच्या दाराबाहेर खोक्यात ठेवायचे आणि पोरं येता-जाता आपापला उचलून न्यायची. काही नेत नसत. शिक्षण सोडून गेलेली, लाजलेली, किंवा आपण हे लिहिलं याचीच भीती वाटलेली. न नेलेले निबंध वर्षभराने नष्ट करावेत असा नियम आहे. माझ्याच्याने झालं नाही.

विद्यापीठाच्या ग्रंथालयाने या ‘मौल्यवान संग्रहा’साठी मला दोनदा पत्र पाठवलं. हा संग्रह नाही. ही दोनशे चौदा घरं आहेत. क्रिसान्ताने एकेक निबंध बंद पाकिटात घालून ज्याच्या-त्याच्या शेवटच्या पत्त्यावर पाठवावा. जे परत येतील ते न वाचता जाळावेत. माय-नूने मदत करावी, पण तिनेही वाचू नयेत.

कलम ७. यातला एक निबंध मी वेगळा काढून माझ्या कपाटात ठेवला आहे. तो ऑक्टोबर १९८९ चा, कर्टिस ऑलिव्हर याचा. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता, पुढच्या बाकावर बसायचा आणि पेन्सिलीने लिहायचा.

त्याने लिहिलं होतं की त्याची आजी मेक्सिकोतल्या सोनोराहून आली. तिचं नाव एउलालिया. घरी पाहुणे येणार असले की ती आपण होऊनच एप्रन बांधायची आणि कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर यायची. पाहुण्यांना वाटायचं, मोलकरीण. कोणी चूक दुरुस्त करत नसे. त्यानेही पाहुण्यांसमोर तिला कधी आजी म्हटलं नाही. ‘एउलालिया, साखर आण,’ असं तो सात वर्षांचा असताना पहिल्यांदा म्हणाला, आणि ती आणायला गेली.

माझ्या आयुष्यात मी तपासलेला हा सर्वांत चांगला निबंध. मी त्याच्या समासात लाल शाईने लिहिलं: ‘तू आजही तेच करतो आहेस.’ कारण पोरगा वर्गात स्वतःला नुसता ‘अमेरिकन’ म्हणायचा. मला वाटलं, मी शिकवते आहे. एवढ्यावर थांबले नाही. माझी एक पद्धत होती. एक निबंध नाव न सांगता वर्गात वाचून दाखवायचा. मी तो वाचला. नाव गाळलं, पण अक्रोडाची बाग आणि पांढरं लोखंडी फाटक गाळायचं सुचलं नाही. मागून एक मुलगी ओरडली, “अगं बाई, हे तर कर्टिसचं घर!” तो उठला, पिशवी घेतली आणि गेला. वर्गात परत आला नाही. निबंध न्यायलाही आला नाही.

या फेब्रुवारीत जाहीर सभेत तोच कर्टिस माईकसमोर उभा राहून म्हणाला, “आमच्या घरी वंश हा विषय कधी निघालाच नाही. आम्ही साधी अमेरिकन माणसं होतो. आणि बघा, माझं काही बिघडलं नाही.” टाळ्या पडल्या. मी शेवटच्या रांगेत होते. इतका संताप आला की घरी येऊन माय-नूला फोन केला आणि जे सांगायला नको होतं ते सगळं सांगून बसले. म्हणजे तोच निबंध मी दुसऱ्यांदा वाचून दाखवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दारात.

“प्रोफेसर, द्या तो मला.”

“नाही.”

“आठ जणांच्या नोकऱ्या आहेत. माझी एक आहे. ‘आमच्या घरी विषयच निघाला नाही’ म्हणे! त्याच्याच अक्षरात पेपरात छापून येऊ दे, मग बघू कोण हात वर करतंय.”

“त्याने तो मला लिहून दिला होता. पेपराला नाही.”

“तो तुमच्या विभागाचा गळा घोटतोय आणि तुम्ही त्याची लाज राखताय?”

“त्याची नाही गं. एकोणीस वर्षांच्या एका पोराची.”

“ते पोरगं आता पंचावन्न वर्षांचं आहे, प्रोफेसर!” ती रडायलाच आली होती. “तुमची पेन्शन चालू आहे म्हणून तुम्हाला तत्त्वं परवडतात.”

हे ती खरं बोलली. त्या दिवसापासून ती माझ्याकडे आलेली नाही. सुरी तरीही तिलाच द्यावी.

म्हणून मी असं लिहून ठेवते की कर्टिसचा निबंध माझ्या मृत्यूनंतर बंद पाकिटात, क्रिसान्ताने स्वतः, त्याच्या हातात द्यावा. त्याच्या सेक्रेटरीकडे देऊ नये. प्रत काढू नये. तो विभाग बंद करतो आहे याबद्दल मी त्याला क्षमा केलेली नाही आणि करणार नाही, पण त्याची आजी माझं हत्यार नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे. साक्षीदार: ओडेसा ब्रॉडनॅक्स, शेजारीण, निवृत्त बसचालक, आणि हरबन्स गिल, कोपऱ्यावरचे औषधवाले. दोघांनाही या कागदातून काही मिळणार नाही, आणि दोघांनीही त्याबद्दल कुरकूर केली आहे.

सही: रेमेदियोस दुमलाओ
रिओ सेको, ३ एप्रिल २०२५

पुरवणी

कलम ७ मी रद्द करते, कारण ती वस्तू आता माझ्याकडे नाही.

काल क्रिसान्ताने हा कागद वाचला आणि विचारलं, “आंटी, तो इथून तीन मैलांवर बसतो. त्याला भेटायला मरायची वाट कशाला बघायची?” मी तिला ‘तुला यातलं काही कळत नाही’ म्हटलं. मग रात्रभर पडून राहिले, आणि आज सकाळी पाकीट घेऊन गेले.

त्याने मला ओळखलं. बसा म्हणाला नाही. पाकीट उघडून पहिलं पान पाहिलं आणि लाल शाईवर बोट ठेवलं.

“हे वाक्य मला पाठ आहे,” तो म्हणाला. “वर्ग सुरू व्हायच्या आधी बाहेरच्या खोक्यात बघितलं होतं. मग तुम्ही तो निबंध उचलून वर्गात नेलात.” मग पानं उलटत विचारलं, “प्रत ठेवलीत?”

“नाही.”

“डॉक्टर व्हांगने?”

“तिने मागितला होता. दिला नाही.”

“मग आलात कशाला?”

“ते वाक्य लिहिलं ते चुकलं. वर्गात वाचलं ते त्याहून चुकलं. मी माफी मागते, कर्टिस.” पस्तीस वर्षांनी हे मी पर्स दोन्ही हातांत धरून, उभ्याने म्हटलं.

तो खिडकीकडे बघत होता. “आजी त्याच डिसेंबरात गेली,” तो म्हणाला. “तुमच्या वर्गातली चौघं दफनाला आली होती. बघायला. चर्चच्या दारात एकाने विचारलं, कोण रे तुझी? मी म्हटलं, आमच्याकडे कामाला होती.”

त्याने निबंध ड्रॉवरमध्ये ठेवला आणि किल्ली फिरवली.

“माझं मत बदलणार नाही,” तो म्हणाला.

“मी मत मागायला आले नव्हते,” मी म्हटलं, आणि निघाले.

माय-नूला सांगावं की तिने नऊ मेला शेवटपर्यंत लढावं, मोठ्या आवाजात लढावं, फक्त पोरांनी विश्वासाने लिहिलेल्या कागदांना हात लावू नये. मी जिवंत असले तर तिच्या शेजारी उभी असेन, तिला चालो वा न चालो.

शेवटी एक दुरुस्ती. पूर्ण शुद्धीवर लिहिलेल्या कागदात खोटं राहू नये म्हणून लिहून ठेवते. मी त्याला जे शेवटचं वाक्य म्हटलं ते खरं नव्हतं. माफी खरी होती, पण मी मत मागायलाच गेले होते.

सही: रेमेदियोस दुमलाओ
साक्षीदार: ओडेसा ब्रॉडनॅक्स, हरबन्स गिल
रिओ सेको, ८ एप्रिल २०२५