सणांची वाटणी होऊ नये म्हणून

मी, एल्डन विटकॉम्ब, वय एकसष्ट, गावच्या साप्ताहिकाचा वार्ताहर, राहणार मिल स्ट्रीट, बेलफील्ड, राज्य ओहायो, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्याची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात आहे आणि सर्जन माझ्याशी फारच गोड बोलतात, म्हणून ही घाई. कोणाचाही दबाव नाही. दबाव आणू शकणारी एकच व्यक्ती होती, तिच्याशी १९९३ साली घटस्फोट झाला.

एक. घडीच्या चार खुर्च्या माझी सात वर्षांची नात विनी हिला द्याव्यात. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या परेडसाठी जागा धरायला त्या आदल्या दुपारीच बँकेसमोरच्या फुटपाथवर मांडून ठेवाव्यात. तीस वर्षांत त्यांना कोणी हात लावलेला नाही. न्यायालयाच्या मनाईहुकुमालाही आमच्या गावात एवढा मान नाही.

दोन. उंच शिडी आणि नाताळच्या दिव्यांच्या सर्व माळा जावई डेल याला. चारशे दिव्यांतला एक मेलेला दिवा शोधून काढण्याची शांती त्याच्यापाशी आहे. ती संसारात कुठे गेली, असे विचारणार होतो. परंतु माझ्या मुलीशी संसार मी केलेला नाही, तेव्हा गप्प बसतो.

तीन. कोबी आंबवण्याचे मातीचे भांडे मुलगी कोरा हिला. नववर्षाच्या दिवशी डुकराच्या मांसाबरोबर तो कोबी खाल्ल्याशिवाय आमच्याकडे वर्ष सुरू होत नाही. तिला तो आवडत नाही. तरीही द्यावे. मेमोरियल डेला सैनिकांच्या थडग्यांवर लावायचे छोटे झेंडेही तिलाच. ते जमिनीला टेकू देऊ नयेत.

चार. बँकेतील बचत विनीच्या शिक्षणासाठी.

पाच. आता घर. येथे कारण लिहिणे भाग आहे, नाहीतर वकील आपल्या मनाने शोधतील.

घटस्फोटात न्यायालयाने आमचे सण वाटून दिले. थँक्सगिव्हिंगचे, म्हणजे नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचे, कुटुंबाचे जेवण सम वर्षी कोराच्या आईकडे, विषम वर्षी माझ्याकडे. नाताळ त्याच्या उलट. ईस्टर दुपारी दोनपर्यंत तिच्याकडे, मग माझ्याकडे. १९९४ हे सम वर्ष. तरी मी हट्टाने थँक्सगिव्हिंगचा अर्धा दिवस मिळवला. कोरा तेव्हा नऊ वर्षांची. बाराला ती आईकडे जेवली, चारला पेट्रोल पंपावर माझ्या हवाली झाली, पाचला माझ्या टेबलावर बसली. मी म्हणालो, "आईकडे जेवलीस आणि माझ्याकडे नुसती चिवडतेस?" तिने सगळे संपवले. पुन्हा मागून घेतले. मी इतका खूश झालो की पुढच्या अंकात तसे छापले.

गेल्या वर्षी तिने सांगितले, "बाबा, आईकडेही मी दोनदा घेतलं होतं. मग तुझ्या मागच्या अंगणात जाऊन सगळं ओकले. तुला कळू नये म्हणून वर वाळलेली पानं ओढली."

"सांगायचंस की गं!"

"कुणाला? तुम्ही दोघं घास मोजत होतात."

आता कोरा आणि डेल वेगळे होत आहेत. जानेवारीत सुनावणी आहे. हॅलोवीनच्या, म्हणजे मुले भुते बनून दारोदार हिंडतात त्या संध्याकाळी, दोघे माझ्याच स्वयंपाकघरात सणांच्या वाटणीचा कागद घेऊन बसले होते.

"हॅलोवीन मला दे, ईस्टर तू घे," डेल म्हणाला.

"वा! हॅलोवीनचा भोपळा तुला आणि ईस्टरचा ससा मला? हुशार आहेस."

पांढरी चादर पांघरून विनी दारात उभी होती. तिने विचारले, "पुढच्या वर्षी मी कुणाच्या घरचं भूत?"

दोघांनी एकदम पेन्सिली खाली ठेवल्या. आणि थोड्या वेळाने पुन्हा उचलल्या.

म्हणून हे घर मी विनीच्या नावे करतो. ती एकवीस वर्षांची होईपर्यंत ते विकू नये, भाड्याने देऊ नये. नववर्षापासून नाताळपर्यंत प्रत्येक सण तिने येथेच साजरा करावा आणि आईबापांनी तिच्याकडे यावे. तिची ने-आण करू नये. ज्याला दुसऱ्याचे तोंड पाहवत नसेल, त्याने ताटाकडे पाहावे. वाटणीचा कागद खिशात घेऊन जो उंबरठा ओलांडील, त्याला बाहेर काढावे. मृत्युपत्राने मुलाचा ताबा ठरत नाही, हे वकिलांनी मला दोनदा ऐकवले आहे. दार कोणाला उघडायचे, हे मात्र ठरते.

सहा. विनी एकवीस वर्षांची होईपर्यंत घराची विश्वस्त म्हणून मी माझी घटस्फोटित पत्नी मार्लिस हिची नेमणूक करतो. तिच्याइतकी हट्टी व्यक्ती या काउंटीत नाही. तीस वर्षे मी त्या हट्टाचा विरुद्ध बाजूने अनुभव घेतला आहे. अंगणातली हकीकत मी तिला फोनवर सांगितली. ती म्हणाली, "आपण दोघं गाढव होतो, एल्डन." एवढे मतैक्य आमच्यात लग्नाच्या दिवशीही झाले नव्हते.

विश्वस्ताची संमती, तिच्या हस्ताक्षरात:

मी विश्वस्तपद स्वीकारते. पण तू मरेपर्यंत थांबायला मला वेळ नाही. पाचवं कलम या गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगपासून लागू. डेलला फोन केला. आवाज पडलेला होता, पण येतो म्हणाला. कोराला विचारलं नाही, सांगितलं. "आई, पण यंदा तर..." असं सुरू झालं, तेव्हा म्हटलं, यंदाचं वर्ष सम की विषम ते मला ऐकवू नकोस. येते म्हणाली. सगळे दुपारी एकला. मार्लिस

वरील फेरफार मृत्युपत्रकर्त्यास मान्य आहे. तो कायद्यात बसतो का, हे विचारलेले नाही व विचारणार नाही. गुरुवारी मृत्युपत्रकर्ता जातीने वाढायला उभा राहील आणि कोणी किती खाल्ले, हे कोणालाही विचारणार नाही.

सही: एल्डन विटकॉम्ब

आमच्यासमक्ष सही झाली. साक्षीदार:
रोझलिन पीटर्समन, ग्रंथपाल
ओटिस ब्रॅनिगर, निवृत्त पोस्टमन

बेलफील्ड, सोमवार, २० नोव्हेंबर २०२३