विनायकाच्या नावाची घागर

पाडवा
काल बैलगाडीनं जसोंडीहून तापीकाठच्या या शहरात आले. माझा नातू प्रभाकर विमान चालवतो, खोटं नाही सांगत. गेल्या साली राजाचं राज्य देशात सामील झालं, तसं राजाचं छोटं विमान सरकारात आलं अन् त्यावर आमचा प्रभाकर. घर विमानाच्या मैदानाला लागूनच. गुढी विमानाला अडेल म्हणून त्यानं ठेंगणी करायला लावली. जन्मात अशी बुटकी गुढी पाहिली नव्हती. म्हणाला, आजी, कंटाळशील, रोज लिहीत जा. दुसरीपर्यंतच शिकले मी, पण लिहिते.

रामनवमी
शहरावरून उडणं सोपं नाही म्हणे. गिरणीचा धूर, गिधाडं, गच्च्यांवरची कबुतरं. म्हणून उतरण्याआधी सगळ्यांनी डाव्या हातानंच वळत मैदानाला चक्कर घालायची, म्हणजे कोणी कोणाच्या समोर येत नाही. खळ्यातले बैल कसे एकाच अंगानं फिरतात, तसं. खाली पांढरी चादर दिसली तरच उतरायचं. ती चादर टाकायचं काम माझं. चारी कोपऱ्यांवर दगड. चौकीदार सुपडू चिडवतो, सोजरमाय, तुमच्या चादरीवर सरकार उतरतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी
सुपडूनं विनायकाचं सांगितलं. राजाचं दुसरं विमान तो चालवी. राज्य गेलं त्या दिवशी जुने नोकर निघून गेले, नवे आले नव्हते. चादर टाकायला कोणीच नाही. पोरगं तेल संपेतो वर घिरट्या घालत राहिलं अन् तापीत पडलं. मागंपुढं कोणी नाही त्याला.

आखाजी
पितरांच्या घागरी भरल्या. एक विनायकाच्या नावानं भरली. आमरस, पुरणपोळी, कुरडई असं ताट चादरीपाशी ठेवलं. म्हटलं, बाबा, चादर टाकलीय, उतर अन् जेवून जा. जीव गार झाला. सुपडूचं तोंड मात्र उतरलं. म्हणे, बोलावलं तुम्ही, परत कोण पाठवेल?

चतुर्थी
प्रभाकर उतरला. मी चादर उचलायला गेले तर वर घरघर. आभाळ मोकळं. माझ्या पुढ्यात धूळ उठत गेली, चाकांच्या दोन रेघा उमटल्या. ओल्या.

पंचमी
वळताना प्रभाकरच्या समोरून विमान आलं. झटक्यानं खाली घातलं म्हणून वाचला. विचारत होता, आजी, इथं आणखी कोण उडतं. काय सांगू— सुपडू म्हणे, राजाच्या वेळी चक्कर उजव्या हाताची होती.

षष्ठी
घागर तापीत सोडली. म्हटलं, जेवलास, आता जा बाबा. घरी आले तर घागर दारात. भरलेली.

सप्तमी
प्रभाकरला आज नको जाऊ म्हटलं. हसला, गेला.
घरघर येतेय. दोन.
चादर टाकली तर दोघं उतरतील. नाही टाकली तर प्रभाकरचं तेल— नाही, टाकणार नाही. छातीशी धरून बसलेय. सुपडू लाल फडकं हलवतोय, दुसरीकडे जा म्हणून—
मैदानात पांढरं काय आहे. चादर तर माझ्याजवळ.
चारी कोपऱ्यांवर दगड.
प्रभाकर डावीकडून वळला. उजवीकडून—