वरचे पुस्तक आणि खालचे पुस्तक

मी, बाजारपेठेच्या टोकाला असलेल्या वाचनालयाचा ग्रंथपाल, ज्याला सगळे 'पुस्तकअण्णा' म्हणतात तो, वय ऐंशीच्या आसपास (नेमके आईला विचारायचे राहून गेले), हे मृत्युपत्र शुद्धीत, समजून-उमजून आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी कर्तव्य नसते असे वकिलांनी सांगितले. कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून काही लिहून घेतलेले नाही. मुलगा शेजारच्या खोलीत दुपारचा आडवा झाला असून त्याचे घोरणे मला इथे ऐकू येते आहे. त्याच्याकडून दबाव येण्याचा संभव नाही. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का, ते पुढे येईल.

कलम पहिले. माझी स्थावर मिळकत म्हणजे हे एकमजली घर. वर आमचे बिऱ्हाड, खाली वाचनालयाची खोली. सगळे स्वकष्टार्जित आहे. वडिलोपार्जित असे माझ्याकडे फक्त नाक होते, ते मुलाकडे आधीच गेले आहे. वरचे घर मुलाला द्यावे. तो विजेच्या कचेरीत नोकरी करतो, सरळ आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पुस्तकाचे वेड त्याला लागले नाही. "अण्णा, मला पुस्तक नको, उशी द्या," असे तो लहानपणापासून म्हणतो. मी जन्मभर ज्याला जे हवे ते दिले. त्याला उशी दिली. तक्रार नाही.

कलम दुसरे. बांधणीचा लोखंडी प्रेस, दाभणे, कात्र्या आणि सरसाचे भांडे ज्या दुकानात मी शिकलो त्या दुकानाला परत करावे. शाळा सातवीत सुटली आणि मी तिथे सरस ढवळायला बसलो. फाटकी पुस्तके शिवायला यायची, ती मी शिवता शिवता वाचायचो. शेवटची पाने बहुतेक गळालेली असत, म्हणून शेवट माझे मलाच रचावे लागत. पुढे ग्रंथपाल झाल्यावर खरे शेवट वाचायला मिळाले. काही ठिकाणी माझेच बरे होते, हे मत मी अजून बदललेले नाही.

कलम तिसरे. बँकेत जी शिल्लक निघेल तिचा अर्धा वाटा मुलाचा, अर्धा वाचनालयाच्या नव्या पुस्तकांसाठी. त्यातून नुसती बक्षीस मिळालेली पुस्तके आणू नयेत. भुताखेतांची, प्रेमाची, चोरी-दरोड्याची, वीण-भरतकामाचीही आणावीत. कार्याध्यक्षांना लाज वाटत असेल तर त्यांना खाकी कव्हरे घालावीत.

कलम चौथे. हे मिळकतीचे नाही, पण माझी खरी कमाई हीच, म्हणून लिहून ठेवतो. इथे विनय बाजूला ठेवला आहे. मेलेल्या माणसाला तो शोभतही नाही.

माझ्या टेबलावरून कोणी कधी एकच पुस्तक घेऊन गेले नाही. मागितलेले वर, आणि त्याच्या खाली मी निवडलेले दुसरे. वरचे वाचकाच्या मागणीचे, खालचे माझ्या नजरेचे. माणूस दाराची पायरी कशी चढतो, आधीचे पुस्तक टेबलावर टाकतो, ठेवतो की हातातून सोडायला वेळ लावतो, एवढे पाहिले की पुरते. 'हे वाचा, बरं वाटेल' असे मी कुणाला म्हटले नाही. औषध म्हणून दिलेले पुस्तक कोणी गिळत नाही. खालचे पुस्तक न बोलता द्यायचे आणि परत आले की विचारायचे नाही. लोक आपणहून बोलतात, आणि बोलतात ते खालच्याबद्दल.

पोस्टमन नेहमी लढायांची पुस्तके मागायचा. बायको अंथरुणाला खिळली तेव्हा त्याच्या लढाईखाली मी पोरासोरांचे विनोदाचे पुस्तक सरकवले. पुढे महिनाभर त्यांच्या खिडकीतून दोघांचे हसणे रस्त्यावर येत होते. आमच्या डॉक्टरीणबाई जाडजूड वैचारिक ग्रंथ मागत. त्यांना खाली भुतांच्या गोष्टी दिल्या.

"अण्णा, हे काय?"

"दिवसभर खरी माणसं मरताना बघता. आता जरा खोटी मेलेली बघा."

त्यांनी त्या कपाटातली सगळी भुते संपवली आणि अजून नवी मागतात. असे एक नाही, शेकडो. या शहरात माझ्या खालच्या पुस्तकांवर लग्ने टिकली आहेत, एकाची दारू सुटली आहे, आणि एका बाईंनी साठीला पोहायला शिकून घेतले आहे. हे मी केले असे नाही. पण पुस्तक मी दिले होते.

कलम पाचवे. वाचनालयाची खालची खोली. ही मी वाचनालयाच्या मंडळाला देत आहे, एका अटीवर: टेबलामागे माणूस बसला पाहिजे, आणि त्याचे डोळे येणाऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिजेत. ज्या दिवशी तिथे नुसता यंत्राचा पडदा बसेल त्या दिवशी खोली मुलाची.

ही अट कार्याध्यक्षांसाठी आहे, म्हणून त्यांच्याबद्दल दोन शब्द. माणूस भला आहे. लोखंडी कपाटे त्यांनी दारोदार फिरून उभी केली. पण त्यांच्या मनात टेबलाच्या जागी यंत्र आणायचे आहे.

"अण्णा, ते स्वतः सांगतं. हे आवडलं ना, मग तेही आवडेल."

"साहेब, परवा ज्याला लग्नाची गोष्ट आवडली, त्याचं काल बायकोशी वाजलंय. हे यंत्राला कोण सांगणार?"

"लोक तुम्हाला तरी सांगतात का?"

"सांगत नाहीत ना. म्हणून तर बघावं लागतं."

मंडळाने मधला मार्ग काढला. अण्णा आहेत तोवर टेबल. नंतर बसणारा योग्य माणूस मिळाला तर टेबल, नाही तर यंत्र. मी माणूस शोधला. वाचणारे पुष्कळ भेटले, पण ते पुस्तकाकडे बघत, माणसाकडे नाही. शेवटी हरलो आणि पहिल्या मृत्युपत्रात खोली विनाअट देऊन टाकली. त्याच सुमारास आमची ही गेली.

कलम सहावे. हिच्या सोन्याच्या बांगड्या सूनबाईला द्याव्यात.

सूनबाई चपला-बुटांच्या दुकानात विक्रीला असते. घरात तिचा-माझा छत्तीसचा आकडा होता, तोही पुस्तकांवरून. "अण्णा, या घरात माणसांपेक्षा पुस्तकं जास्त, आणि दोघांनाही झाडायला मीच," हे तिचे रोजचे स्तोत्र. मी म्हणायचो, हिला पुस्तकावरची धूळ दिसते, पुस्तक दिसत नाही.

ही गेल्यावर माझे वाचन थांबले. अक्षरे दिसायची, पण आत उतरायची नाहीत. टेबलावर बसून मी येणाऱ्याला म्हणू लागलो, घ्या हवे ते. खालचे पुस्तक बंद झाले. लोकांना वाईट वाटे. मग तेच मला पुस्तके आणून देत. मनःशांतीची, मृत्यूच्या चिंतनाची, विरहाच्या कवितांची. टेबलावर ढीग झाला. मी एकही उघडले नाही.

एका दुपारी सूनबाई डबा घेऊन खाली आली. डबा ठेवला आणि काही न बोलता दुकानात गेली. डबा उचलला तर त्याखाली एक पुस्तक. आमच्याच तळाच्या फळीवरचे, कुणी कधी न नेलेले: घरच्या घरी नळदुरुस्ती, आकृत्यांसह.

मी हसलो, मग चाळले, मग वाचत बसलो. त्यात कोणी मरत नव्हते. कोणाला कोणाची आठवण येत नव्हती. आधी मुख्य तोटी बंद करावी, मग वायसर बदलावा, एवढेच. संध्याकाळपर्यंत पुस्तक संपले. दुसऱ्या दिवशी मी पान्हा घेऊन मोरीत बसलो आणि स्वयंपाकघरातून ही ज्याच्यावरून सतत करवादायची तो नळ ठिबकायचा थांबवला. त्या रात्री घरातली शांतता मला खायला उठली नाही. सकाळी मी कादंबरी उघडली.

सूनबाईला विचारले, "हेच का गं दिलंस?"

"सगळे तुम्हाला रडायची पुस्तकं देत होते. रडून झालं होतं तुमचं. हात रिकामे होते."

मग मी तिच्या दुकानात जाऊन कोपऱ्यातल्या बाकावर बसलो. गिऱ्हाईक म्हणाले, सात नंबर. सूनबाई त्याच्या पायांकडे नाही, चालण्याकडे बघत होती. सात नंबर पुढे ठेवला आणि त्याच्या शेजारी, न बोलता, आठ. तो आठ घेऊन गेला. मी जन्मभर जे करत आलो ते माझ्याच घरात, माझ्याच स्वयंपाकघरात वावरत होते. काखेत कळसा म्हणतात तो हा.

सबब, वर बांगड्या आणि खाली हे: टेबलामागची खुर्ची, टेबलाची व कपाटांची किल्ली, आणि मंडळापुढे माझी शिफारस. यापुढे तिथे सूनबाईने बसावे. पगार दुकानापेक्षा कमी मिळणार नाही असे मंडळाने कबूल केले आहे. मी तिला एकदा विचारले आहे. ती हसली. "काहीतरीच काय अण्णा. मला धड पाच पुस्तकांची नावं येत नाहीत." नावे पाठीवर छापलेली असतात, असे मी म्हणालो. तिने नकार दिल्यास कलम पाचमधील अट रद्द समजावी आणि मंडळाने खुशाल यंत्र बसवावे. माझा जीव तिथे घुटमळणार नाही.

कलम सातवे. माझा चष्मा कार्याध्यक्षांना, प्रेमपूर्वक. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलांनी करावी. साक्षीदाराला काही देता येत नाही असे त्यांनी बजावल्यामुळे आमच्या शिंप्याला काहीही नाही. त्याच्याकडे राहिलेले एक पुस्तकही मला त्याला सोडता येत नाही. ते त्याने आणून द्यावे.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे.

सही: पुस्तकअण्णा
साक्षीदार पहिली: डॉक्टरीणबाई
साक्षीदार दुसरा: शिंपी
ठिकाण: राहते घर, वरची खोली
दिनांक: वकिलांच्या शिक्क्याप्रमाणे

सह्यांनंतरची पुरवणी. सह्या झाल्यावर सूनबाई चहा घेऊन आली. शिंप्याने राहिलेले पुस्तक आणलेच होते. तो नेहमी दूरदेशीच्या प्रवासांची मागतो, कारण मशीन सोडून तो कुठे गेलेला नाही. हल्ली पुस्तके त्याच्याकडे रेंगाळत, म्हणून तो कंटाळला असे समजून मी त्याला खाली जास्त मसालेदार देत होतो. आज त्याने आणखी एक प्रवासाचे मागितले. माझ्या गुडघ्यांकडे बघून सूनबाई म्हणाली, "बसा, मी आणते," आणि किल्ली घेऊन खाली गेली.

येताना वर प्रवास होता, आणि त्याखाली ठळक, मोठ्या अक्षरांतल्या परीकथा.

"काका, हे नातीला वाचून दाखवा."

शिंप्याने पुस्तक उघडले, नाकापासून दूर धरले आणि कितीतरी वेळ मिटले नाही. तेव्हा मला त्याची सही दिसली. आखलेल्या ओळीच्या बोटभर खाली होती. सुईत दोरा ओवणाऱ्या माणसाने डोळे अधू झाल्याचे कुणाला सांगितले नव्हते. रोज बघणाऱ्या मला दिसले नाही ते चहा ठेवता ठेवता तिला दिसले. ती होय म्हणालेली नाही. पण किल्ली परत न देता ती कपबश्या घेऊन गेली आहे.

सबब, कलम सहामधील 'तिने नकार दिल्यास' पासून पुढची दोन्ही वाक्ये मी स्वहस्ते खोडली आहेत. समासात माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे. शिंप्याची सही याही वेळी ओळीच्या खाली गेली आहे. ती योग्य जागीच आहे असे समजावे.