पुन्हा ठोकून पाहू

४ फेब्रुवारी
नदीकाठच्या दवाखान्याच्या पायाचा शेवटचा खांब ठोकून झाला. शेवटी शेवटी तर हातोडा आपटतोय नि खांब ढिम्म! बाबा खूश – "बघ, जमिनीनं कसा धरलाय. चढवा आता इमारत." मी म्हटलं, आठवडाभर थांबू, पुन्हा ठोकून पाहू. बाबांनी हसण्यावारी नेलं. सासरा आणि साहेब एकच माणूस असला की रुसायलाही जागा उरत नाही.

५ फेब्रुवारी
जेवताना वाद. "तुझ्या वयापेक्षा जास्त इमारती उभ्या केल्यात मी." खरंय. पण माती वयाला मान देत नाही! खाली चिकणमाती असली तर ती दिवसेंदिवस जास्तच धरते. हा बारीक, गच्च गाळ उलट्या डोक्याचा. ठोकताना त्याचे दाणे फाकतात, फटींमधलं पाणी ताणलं जातं, त्या ताणानं माती तेवढ्यापुरती कडक होते. ओल्या वाळूवर पाय रोवला की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी, टणक होते ना, तसं. आजूबाजूचं पाणी झिरपत आलं की पकड सुटली.

हे सगळं ताटं वाढता वाढता सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "थांबा की मग. आठ दिवसांत काय आभाळ कोसळणारे?" त्यांना मिठीच मारावीशी वाटली.

७ फेब्रुवारी
बाबांनी काम थांबवलंय, पण माझ्याशी बोलत नाहीत. नवऱ्याचा दोन्ही डगरींवर हात!

१० फेब्रुवारी
धाकधूक. खांब नाही हलला तर जन्मभर टोमणे. हलला तर चारचौघांत बाबांची मान खाली. देवा, मीच चुकीची ठरू दे.

१२ फेब्रुवारी
हलला. गेल्या आठवड्यात नखभर सरकत नव्हता, आज दहा ठोक्यांत वीतभर खाली. दुसराही. तिसराही. हातोडेवाला माझ्याकडे बघेना. बाबांनी खांबाला हात लावून पाहिला. "सगळेच आणखी खोल न्यावे लागतील," एवढंच म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. जिंकल्याचा आनंद म्हणाल तर शून्य.

१३ फेब्रुवारी
बाबा भरल्या ताटावरून उठले. शाळेमागची पाण्याची नवी टाकी – तिचे खांब गेल्या वर्षी त्यांनीच ठोकलेत, याच गाळात, आणि पुन्हा ठोकून कुणी पाहिलेले नाहीत. उद्या सकाळी ती पहिल्यांदा भरणार आहेत! "मी आत्ताच जाऊन थांबवतो," म्हणाले. दारातून परत फिरले. "चप्पल घाल, पोरी. टाकीवाले का म्हणून विचारतील. मला तुझ्यासारखं सांगता येणार नाही."